हलका करून द्या

रायफल घेऊन येणारा माणूस पेटी उघडायच्या आधीच सांगून टाकतो, "ट्रिगर हलका करून द्या." किती हलका, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "होईल तितका." नेमबाजीच्या रायफलींवर काम करायला लागल्यापासून हे मागणं मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी रायफल नंतर बघतो, आधी आणणाऱ्याचा हात बघतो. बोटं लांब आहेत की आखूड, अंगठ्याशी घट्टे आहेत का, तळवा घामेजतो का. ट्रिगरच्या निदानाचा निम्मा भाग तिथेच उरकतो.

माझं मूळ काम टूलरूमचं. भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस टूल बनवण्यात उमेदीची वर्षं गेली. डाय आणि पंच यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये राखायची, कडक पोलादाला ऑइलस्टोन किती आणि कुठे लावायचा, हे हातात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका शस्त्रविक्रेत्याच्या वर्कशॉपात बसायला लागलो. त्यांच्याकडे दुरुस्तीचं लायसन्स होतं, आणि ते लागतंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक विकायला जसा परवाना लागतो तसाच ती दुरुस्त करायलाही लागतो. एवढंच नाही, त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रच. त्यामुळे काडेपेटीत मावेल अशा ट्रिगर युनिटलाही आमच्या रजिस्टरात जागा असते, आणि ते बाहेरून मागवायचं तर कागदपत्रांची जाडी त्या युनिटपेक्षा जास्त भरते. टूलरूममधल्या जुन्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. चार स्प्रिंगा, दोन-तीन लिव्हर आणि थोडे स्क्रू, त्याला एवढं काय? त्यांना मी म्हणतो, तुमच्या डायमधून वॉशर पडतो. इथून काय सुटतं ते बघा.

सुटते ती पॉइंट टू टूची गोळी. महाराष्ट्रात कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पंचवीस यार्डांवरचं टार्गेट, हवालदारसाहेबांचा हिंदीतला आवाज, "पहला खिंचाव" आणि मग "दूसरा खिंचाव". अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजाची सुरुवातही मुंबईच्या कीर्ती कॉलेजातल्या एनसीसीतूनच झाली. पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर जातीचं. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध टोपी असते आणि फायरिंग पिन तिच्यावर आदळते. रिमफायरमध्ये टोपीच नाही. पितळी पुंगळीच्या बुडाला जी पातळ कड असते, तिच्या पोकळीत आतून स्फोटक मसाला फिरवून बसवलेला असतो आणि पिन त्या कडेवर पडून ती चेपते. १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस काढलं, ते आजही तसंच चाललंय. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवलेला असतो.

वेग कमी म्हणजे गोळी नळीत रेंगाळणार. ट्रिगर सुटल्यापासून पिन आदळेपर्यंत काही मिलिसेकंद, मग नळीतून बाहेर पडायला आणखी दोन-तीन. तेवढ्या वेळात रायफल हललीच तर ती गोळीला बरोबर घेऊन हलते. हिशेब साधा आहे. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण मीटरभर अंतर धरा. टोक एक दशांश मिलिमीटर सरकलं तर ५० मीटरवर गोळी पाच मिलिमीटर सरकते. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. म्हणजे मधोमध धरलेला नेम एका दशांश मिलिमीटरने दहाच्या काठावर येऊन बसतो. पोरं वर्षभर जॅकेट, स्लिंग, श्वास यांवर घाम गाळतात आणि शेवटच्या क्षणी एक बोट सगळ्यावर पाणी फिरवतं. ट्रिगरला एवढा भाव का, ते एवढ्यावरून कळावं.

२०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या तेव्हापासून कोल्हापूरकडच्या आईबापांना हा खेळ परका राहिला नव्हता. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, आणि मग विचारू नका. आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागला तो अजून थांबलेला नाही. त्याच लाटेत एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी अकरावीत. क्लबने वापरायला दिलेली जर्मन बनावटीची जुनी मॅच रायफल, सोबत क्लबची आणि परवान्याची कागदं, चेंबरमध्ये नारंगी सेफ्टी फ्लॅग नीट घातलेला. शिस्तीची मुलगी वाटली.

"पोरगीचं बोट अडकाय लागलंय बघा ट्रिगरवर," बाप म्हणाला. "सर म्हंतात नवा बसवा. पन्नास ग्रॅमला लावून द्या की."

"पन्नासच का?"

"कमीच चांगला असतोय न्हवं?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण नियमावली याबाबतीत गप्प आहे. पिस्तुलवाल्यांना आंतरराष्ट्रीय नियमाने किमान वजन बांधून दिलंय. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम, आणि स्पर्धेत ट्रिगरला वजन लटकवून तपासतात. ३०० मीटर स्टँडर्ड रायफललाही १५०० ग्रॅमची अट आहे. पण ५० मीटर रायफलला खालची मर्यादाच नाही. पंच विचारणार नाही. तेव्हा किती खाली जायचं, हे बोट आणि बुद्धी यांनीच ठरवायचं. बोट नेहमी जास्त मागतं.

मी रायफल उभी धरून हुकाला वजनं लावली. एकदा १९० ग्रॅमला सुटला, मग २६० ला, मग २१०, मग २८०. बापाला वाटलं माझा काटा बिघडलाय. काटा नव्हताच, पितळी वजनं होती, ती कशी बिघडणार? मुलीला विचारलं, "दुसरा टप्पा कुठे लागतो ते कळतं का तुला?" ती जरा थांबून म्हणाली, "कधी कधी कळतो, काका." या उत्तरात अख्खं निदान होतं. तिला ट्रिगर जड वाटत नव्हता, तो अनोळखी वाटत होता.

मॅच रायफलचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात ट्रिगरच्या पात्याला काही मिलिमीटर मोकळी चाल, एका हलक्या स्प्रिंगवर. ती संपली की बोटाला एक भिंत लागते. तिथे नेमबाज थांबतो, नेम बघतो, आणि आता फक्त थोडा दाब वाढवायचा की सिअर, म्हणजे पिनला अडवून धरणारी कळ, सुटते. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी पायाला कळावी, तशी ती भिंत बोटाला कळली पाहिजे. ती धूसर झाली की नेमबाज दोन गोष्टी करतो. एकतर भिंत शोधत बसतो आणि तेवढ्यात नेम हलतो, नाहीतर वैतागून एकदाच झटका देतो. तिच्या टार्गेटच्या कागदांवर दोन्ही दिसत होतं. बरेच दहा, नऊ, आणि मधूनच उजवीकडे खाली पळालेला एखादा सात.

युनिट खाली काढून भिंगाखाली धरलं. आत तेल होतं, खूप वर्षांचं. कुणीतरी प्रेमाने ओतलेलं, वर धूळ बसून त्याचा पिवळा चिकटा झालेला. आपल्याकडे यंत्र म्हटलं की तेल हवं, हा संस्कारच आहे; शिवण यंत्रापासून सायकलीपर्यंत सगळ्यांना आपण पाजतो. मॅच ट्रिगरला जवळजवळ कोरडं राहणं आवडतं. पावसाळ्यात पुण्या-कोल्हापूरच्या दमट हवेत ते तेल वेगळं वागतं आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर सकाळी आठला वेगळं वागतं. पोरं म्हणतात, घरी सेट केलेला ट्रिगर स्पर्धेत बदलला. बदललं तेल.

लायटरमधलं फ्लुइड आणि मऊ ब्रशने साफ केलं, वाळवलं. मोजलं तर आकडे जवळ आले, पण पुरते जुळेनात. आलेल्यांतल्या बहुतेक रायफली या साफसफाईवरच बऱ्या होतात, आणि तसं झालं की मी नवीन युनिट विकत नाही. मालकांना हे फार पटत नाही. ते धंद्याचे, मी टूलरूमचा. पण या रायफलीचं दुखणं खोलवर होतं. सिअरची कड भिंगाखाली चमकत होती, एका बाजूला जास्त. कुणीतरी कधीतरी ती स्टोनवर घासली होती.

याबद्दल मला थोडं भांडायचंय. गावोगावी असे हात आहेत जे ट्रिगर "पॉलिश" करून देतात. तास-दीड तासाचं काम, ग्राहक खूष, कारण त्या दिवशी ट्रिगर लोण्यासारखा लागतो. पण या कडा अनेकदा फक्त वरच्या थरात कडक केलेल्या असतात, आणि तो थर मिलिमीटरचा छोटासा अंश. तो घासून गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. कोनही बदलतो. मग दर झटक्याला कड थोडी झिजते आणि पकड थोडी कमी होते. असं होत होत एक दिवस बोल्ट जरा जोरात बंद केला की बोट न लावताच पिन सुटते. रेंजवर नळी टार्गेटकडे असते म्हणून निभावतं, पण निभावण्यावर भरवसा ठेवून शस्त्राचं काम करायचं नसतं. टूलरूममध्ये उतरलेली डाय आम्ही परत ग्राइंड करायचो, कारण फार तर वॉशर बिघडणार होता. इथे घासलेली सिअर मी परत घासत नाही. बदलतो, नाहीतर युनिटच बदलतो.

भारतातल्या रेंजवर दिसणाऱ्या स्पर्धेच्या पॉइंट टू टू रायफली मोठ्या प्रमाणात तीन जर्मन घरांतल्या. आन्शुट्झ आणि वाल्थर, दोन्ही उल्म गावच्या, आणि ओबर्नडोर्फची फाइनवेर्कबाऊ. एकाच गावात दोन घराणी नांदतात, म्हणजे तिथल्या पोरांनी लहानपणी काय खेळलं असेल कोण जाणे. त्यांची ट्रिगर युनिटं सुटी मिळतात आणि त्याच घराच्या जुन्या ॲक्शनला नवी बसतात असं बऱ्याचदा होतं. क्लबच्या सरांनी फोनवर होकार दिला, कागदपत्रांचा रतीब सुरू झाला, आणि युनिट यायला बराच काळ गेला. दरम्यान मुलीला मी एक काम दिलं. युनिट येईपर्यंत साफ केलेल्या जुन्या ट्रिगरवर फक्त ड्राय, म्हणजे गोळीविना सराव, आणि तोही चेंबरमध्ये वापरलेली रिकामी पुंगळी ठेवून. रिमफायरची पिन पुंगळीच्या कडेच्या जागी येते. पुंगळी नसेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या काठावर आपटून खाच पाडते. रिकामी पुंगळी तो मार सोसते. थोड्या शॉट्सनंतर ती जराशी फिरवायची, म्हणजे पिनला न चेपलेली जागा मिळते.

नवं युनिट आलं तेव्हा मला सगळ्यात आधी हात लावायचा होता तो स्क्रूंना नव्हे. मुलीला आधी प्रोन घ्यायला लावलं. दुकानामागच्या खोलीत चटई टाकली, तिने जॅकेट चढवलं, स्लिंग अडकवला, डोळे मिटून हात ग्रिपवर ठेवला. मग मी बघितलं बोट पात्यावर कुठे पडतंय. पहिल्या पेराच्या मांसल भागावर पडायला हवं. तिचं नखाजवळ पडत होतं. पाता तिच्यासाठी खूप पुढे होता. टोकाने ओढायचं तर बोट सरळ मागे येत नाही, वाकडं येतं आणि नळीला बाजूला ढकलतं. उजवीकडे पळणाऱ्या सातांचं कारण इथे दडलं होतं. क्लबच्या रायफलीवर तिच्या आधी कुणी लांब हातांचा मुलगा असणार. मॅच ट्रिगरचा पाता एका पट्टीवर पुढे-मागे सरकतो आणि थोडा वळवताही येतो. त्यासाठी एक ॲलन की पुरते. मी पाता मागे घेतला, तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा थोडा मागे. बाप खुर्चीवर बसून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की एवढी कागदं रंगवून आणलेलं युनिट राहिलं बाजूला, आणि हा माणूस स्क्रू ढिला करून पत्रा सरकवतोय. मला विचाराल तर सगळ्या अपग्रेडमध्ये हे सर्वांत मोठं, आणि फुकटातलं.

मग वजनं. पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा यांचे स्क्रू वेगळे, सिअरच्या पकडीचा वेगळा, सुटल्यानंतर पात्याला थांबवणारा वेगळा. या चौथ्याकडे कुणी बघत नाही. शॉट सुटल्यावर पाता फार मागे गेला तर बोट धपकन पडतं आणि ते पडणं गोळी नळीत असतानाच घडतं. थांबा अगदी चिकटवला तर उलट भीती, धुळीच्या एका कणाने ट्रिगर सुटायचाच नाही. मी थोडी सवलत ठेवतो.

एकूण १०० ग्रॅमवर सुरुवात केली, त्यातले निम्मे पहिल्या टप्प्यात. तिने प्रोनमध्ये भिंत शोधली, सापडली, सुटला. चेहरा खुलला. मग स्टँडिंग घ्यायला लावलं आणि ती भिंतीला पोचायच्या आतच दोनदा पिन पडली. स्टँडिंगला आडव्या जमिनीचा आधार नाही, रायफल आपल्या नाडीबरोबर हलत असते, बोटाचा स्पर्श भरड होतो. त्यात थंडी, त्यात स्पर्धा. हातापायांत धडधड असताना ५० ग्रॅमचा पहिला टप्पा बोटाला जाणवतच नाही. ते सरळ भिंतीतून आरपार जातं. हलक्या ट्रिगरची मौज खोलीत असते, स्पर्धेत त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून माझा कल वेगळा आहे. पहिला टप्पा भरीव ठेवायचा, दुसरा छोटा. म्हणजे बोट आधीच बऱ्याच दाबावर निवांत टेकलेलं असतं आणि शेवटी फारच थोडं द्यायचं उरतं. काही कोच याच्या अगदी उलट सांगतात, दुसरा टप्पा ठळक हवा म्हणतात, आणि त्यांचे नेमबाज पदकंही आणतात. तिच्या सरांशी माझा यावरून फोनवर वाद झाला. ते म्हणाले, "तुमची फिटरची बुद्धी, तुम्हाला सगळं गुळगुळीत हवं." मी म्हणालो, "सर, ओढणार ती आहे. तिलाच विचारू." शेवटी तिच्या हातात ॲलन की दिली, कुठला स्क्रू काय करतो ते सांगितलं, सिअरच्या पकडीच्या स्क्रूवर मात्र लाल ठिपका लावून बजावलं की याला हात लावायचा नाही. आणि एका वहीत प्रत्येक बदल लिहायला सांगितला. तारीख, पोझिशन, पहिला टप्पा, दुसरा टप्पा, कसं वाटलं.

देण्याआधीची तपासणी मी कुणासमोर करत नाही, कारण बघणाऱ्याला ती क्रूर वाटते. रिकामी रायफल, बोल्ट कॉक केलेला, आणि बटला रबरी मॅटवर धक्के. बोल्ट मुद्दाम जोरात आदळून बंद करायचा, पुन्हा पुन्हा. पिन एकदाही पडता कामा नये. पडली तर ग्रॅमचे सगळे आकडे केराच्या टोपलीत आणि सिअरची पकड वाढवायची. ग्राहक कितीही म्हणाला तरी. या एका बाबतीत मी मालकांचंही ऐकत नाही, आणि तेही आता सांगायला येत नाहीत.

काही महिन्यांनी बापलेक परत आले. साइट बदलायची होती. मुलीने वही दाखवली. प्रोनला ९० आणि ३० पासून सुरुवात करून ती फिरत फिरत तिन्ही पोझिशनला एकाच आकड्यावर येऊन थांबली होती, पहिला टप्पा १०० आणि दुसरा ४०. मधल्या पानांत "जड वाटला" असं एकदाच लिहिलं होतं, तेही ज्या दिवशी झोप झाली नव्हती त्या दिवशी. हुकाला वजनं लावून बघितलं. १४०, १४०, १४०. मॅच रायफल अशी वागली की टूलरूमचा माणूस खूष होतो, लपवत नाही.

बाप बराच वेळ ते आकडे बघत राहिला. मग त्याने मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली.

"म्हंजे मी पन्नास सांगितल्यालं, तुम्ही शंभर लावलासा, आन् हिनं आनखी चाळीस चढवलं."

"होय."

"आन् युनिटचं पैसं तेवढंच?"

"तेवढेच."

मुलगी वहीत तोंड खुपसून हसत होती. बापाने साइटची पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बरं, ही बसवा. पर ही किती ग्रॅमची, ते आधी पोरीला इचारा."